न घेतलेली सम

माझा नवरा एका अनोळखी माणसाच्या हृदयाला तबल्यावर साथ करतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. दुपारची वेळ, मिरजेतलं आमचं घर, पुढच्या खोलीत पुण्याहून आलेली यंत्रं आणि वायरींची भेंडोळी. निरंजन डोळे मिटून बसलेला, कानांवर जाडजूड हेडफोन. त्यात कुणाच्या तरी छातीतले ठोके ऐकू येत होते आणि हा त्यांना ठेका देत होता.

"कसा आहे गवई?" चहा ठेवताना मी विचारलं.

"बरा आहे की. जरा भित्रा आहे. जिना चढला की लय सोडतोय."

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बेडकाच्या हृदयापासून माणसाच्या हृदयापर्यंत सगळी हृदयं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून झाली आहेत, पण हृदयाला साथ लागते हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. निरंजन मुळगुंद मात्र साथीसाठीच जन्माला आलेला माणूस. धारवाडपासून पणजीपर्यंत गवई त्याला बोलवायचे, ते यासाठी की गाणारा कितीही लहरी असो, हा त्याला उघडं पडू द्यायचा नाही. एकट्यानं वाजवायला तो कधी बसलाच नाही. मी त्यावरून चिडवलं की म्हणायचा, "गुरुजींनी सांगितलंय, साथ म्हणजे सावली. सावलीनं माणसाच्या पुढं चालू नये."

आमची एकुलती एक लेक गार्गी तेव्हा बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होती. ती लगेच म्हणायची, "बाबा, सूर्य मागं असला की सावली पुढंच पडते की." मग दोघंही हसायचे.

ही सगळी भानगड घरात आणली ती गार्गीनंच. नादघर नावाच्या पुण्यातल्या कंपनीचा 'पैलतीर' हा व्हिडिओ गेम ती खेळायची. खेळात एक होडी, खाली काळंभोर पाणी आणि समोर पलीकडच्या काठावरचा एक दिवा. संगीताच्या लयीत वल्हं मारत राहायचं, लय चुकली की होडी भोवऱ्यात. मी एकदा खेळून पाहिला आणि पहिल्याच भोवऱ्यात बुडाले. या खेळाला कंपनी नवं संगीत देणार होती आणि त्यासाठी तिला साथीदार हवा होता. गार्गीनं बाबांचं नाव कळवलं.

कौस्तुभ हा कंपनीचा संगीतप्रमुख. तिशीतला, गोड बोलणारा, निरंजनला वाकून नमस्कार करणारा मुलगा. त्यानं मला एका बैठकीत सगळं समजावून सांगितलं आणि मला ते समजलंही, कारण मूळ गोष्ट जुनीच आहे. एकाच भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं टांगा. सुरुवातीला दोन्ही लंबक आपापल्या मर्जीनं हलतात. काही वेळानं बघाल तर ते एकमेकांना बांधल्यासारखे हलत असतात. एकाची थरथर भिंतीतून दुसऱ्यापर्यंत पोचते आणि हळूहळू दोघांची लय जुळते. मध्ये दोरी नसते, फक्त भिंत असते.

हृदयालाही असं बांधता येईल का, यावर लोक कित्येक वर्षं डोकं चालवत होते. नुसतं गाणं लावून ते होत नाही. हृदयाला स्वतःचा ठोका असतो, बाहेरून आलेली लय त्याला परकी वाटते. मग शोध लागला तो असा, की लयीनं आधी हृदयाच्या मागं जायचं. ते वळेल तसं वळायचं, अडखळेल तिथं अडखळायचं. पुरेसा वेळ असं केलं की मेंदूच्या देठाला, म्हणजे श्वास आणि ठोके सांभाळणाऱ्या भागाला, पुढचा कोण आणि मागचा कोण हे कळेनासं होतं. त्यानंतर लय केसभर बदलली की हृदयही केसभर बदलतं. कानात घालायच्या इअरबडमध्ये नाडी मोजणारा इवलासा दिवा आणि माईक आधीपासूनच होता. यंत्रंही होती. फक्त दुसऱ्याच्या मागं कसं जायचं हे यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या घरात तेच एक काम पिढीजात चालत आलेलं.

"वल्हवणाऱ्याचं मन शांत राहिलं की तो नीट खेळेल, मॅडम. एवढंच करायचंय," कौस्तुभ म्हणाला. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही.

एकाच गोष्टीवरून निरंजन आणि कौस्तुभचं जुळत नव्हतं. ताल म्हणजे एक गोल. फिरून फिरून पहिल्या मात्रेवर यायचं, ती सम. गाणारा कितीही लांब भटकून आला तरी समेवर पोचतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप हलतात. निरंजन म्हणायचा, "सम एकट्याची नसते. सगळा मांडव एकदम मान हलवतो तेव्हा ती सम." आता हेडफोनमधले ठोके ज्या माणसाचे, तो तिकडं पुण्यात आपलं काम झालं की छातीवरचं यंत्र काढून उठून जायचा. ठोके मध्येच बंद पडायचे. निरंजन तेव्हा तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं ते, घेत असला तर तिसऱ्या खेपेला हात हवेत तसेच धरून थांबायचा.

"सर, शेवटी एक धा मारून टाका ना. संपल्यासारखं वाटेल," कौस्तुभ म्हणाला.

"तो समेवर आलाच नाही. मग मी कशी घेऊ?"

"तो काही गात नाहीये, सर."

"गात नसेल. पण मी साथीला बसलोय. गाणाऱ्याच्या आधी सम घेणारा साथीदार आमच्यात उंबऱ्याबाहेर बसवतात."

कौस्तुभनं हसून सोडून दिलं. आठवडेच्या आठवडे रेकॉर्डिंग झालं, शेकडो हृदयं आमच्या पुढच्या खोलीतून गेली, आणि एकाही तुकड्यात निरंजननं सम घेतली नाही. आपण अदब पाळली, या समाधानात तो होता. मलाही त्याचं कौतुकच वाटलं.

नवं संगीत आलं आणि खेळ तुफान चालला. मग खेळापेक्षा संगीतच लोकांना हवंसं झालं. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसं. बसमध्ये, जिममध्ये, अभ्यासाला, स्वयंपाकाला लोकांना ते ऐकायचं होतं. मागणी सुरू झाली की आम्हाला सगळं संगीत डाउनलोड करून द्या. कंपनीनं दिलं. त्याचं नावच होतं 'पैलतीर : संपूर्ण संगीत, सदैव अद्ययावत'.

गार्गी त्या संगीतवेड्यांच्या एका ग्रुपची म्होरकी होती. कुणाकडं कुठला तुकडा आहे, कुणाचा राहिलाय, नवं अपडेट कुणाला आलं, याची ती लोकं रात्रंदिवस चौकशी करायची. लहानपणी हिनं काड्यापेटीची चित्रं जमवली होती, तेव्हाही एक चित्र कमी असलं की जेवायची नाही. एका रविवारी मी भाकऱ्या करत होते आणि ही ओट्याला टेकून नागपूरच्या मैत्रिणीशी हुज्जत घालत होती.

"अगं, तुझा भोवऱ्याचा तुकडा मोठा कसा? माझ्याकडं संपूर्ण आहे. कालच अपडेट केलंय." मग फोन ठेवून माझ्याकडं वळली. "आई, गंमत बघ. दोघींकडं सगळं आहे, तरी दोघींचं वेगळं आहे."

"म्हणजे तुमच्यातलं एक खोटं."

"तसं नाही. ही फाईलच नाही. डाउनलोड करतो ते एक बियाणं. ते कानात रुजतं. आपली नाडी बघून वाढतं. माझं माझ्यासारखं, तिचं तिच्यासारखं."

"मग संपूर्ण कशाला म्हणायचं?"

तिनं फोनवरची यादी खाली सरकवली. "संपेल ना कधीतरी. पुढच्या अपडेटला शेवट आहे म्हणतात."

पुढच्या अपडेटला शेवट नव्हता, त्याच्या पुढच्यालाही नव्हता. तोवर गार्गीच्या कानातली ती इअरबडची पांढरी बोंडं निघेनाशी झाली. अंघोळीपुरती काढायची तीही नंतर काढेना. खेळ तिनं सोडूनच दिला. मी म्हटलं, "अगं, निदान खेळ तरी." तर म्हणाली, "खेळात काय राहिलंय आई, संगीत राहिलंय." जिना उतरताना तिची पावलं मोजून मापून पडायची. घास त्याच लयीत. मी हाक मारली की ती लगेच उत्तर द्यायची नाही, आवर्तन पुरं व्हायची वाट बघितल्यासारखी थांबायची आणि मग "काय गं?" म्हणायची. मला त्या थांबण्याची भीती वाटायला लागली. कॉलेजातल्या मुलांमध्येही मला ते दिसू लागलं होतं. प्रश्न विचारला की वर्ग एक क्षण गप्प, आणि मग उत्तरं.

निरंजनला मी म्हटलं, "तू एकदा ऐक तरी." स्वतःचं वाजवलेलं ऐकायची त्याला सवय नव्हती. त्यानं गार्गीजवळ बसून तिचं एक बोंड आपल्या कानात घातलं. पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला.

"हे माझेच हात आहेत की," तो म्हणाला. मग मान डोलावायला लागला. मग एकदम थांबला. त्याचा उजवा हात गुडघ्यावर हवेत राहिला होता.

"सम कुठाय?"

"पुढच्या अपडेटला," गार्गी म्हणाली.

तो ऐकत राहिला. तिहाई यायची, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि समेच्या आधल्या मात्रेवर दुसराच तुकडा सुरू व्हायचा. त्यानं बोंड काढलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "सुनेत्रा," तो मला म्हणाला, "हे माझ्याकडून शिकलंय."

त्याच आठवड्यात जेवायच्या टेबलावर माझा संयम सुटला. मामेबहिणीच्या साखरपुड्याला ही येणार नाही म्हणाली, कारण तिथं गोंगाटात लय तुटते. मी उठले आणि तिच्या दोन्ही कानांतली बोंडं ओढून काढली. ती माझ्याकडं रागानं बघेल असं वाटलं होतं. तिनं फक्त तोंड उघडलं, जणू पुढचा श्वास कधी घ्यायचा हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि खुर्चीवरून सरळ खाली गेली. ओठ जांभळे पडले. निरंजननं तिची नाडी धरली आणि ओरडला, "अगं, मात्राच लागत नाहीये!" मीच ती बोंडं परत तिच्या कानांत घातली. एखाद्या बुडत्या माणसाला पुन्हा पाण्यात ढकलावं तसं मला वाटलं, पण ती श्वास घेऊ लागली.

डॉ. नायकवडी माझी विद्यार्थिनी, आता हृदयविकाराची डॉक्टर. तिनं गार्गीला तपासलं आणि मला बाजूला नेलं.

"बाई, तुम्हीच शिकवलंय की, हृदयाला स्वतःचा ठोका असतो म्हणून. पण बाहेरून पेसमेकर लावला की कधीकधी तो मूळचा ठोका आळशी होतो. पेसमेकर एकदम बंद केला तर जागं व्हायला त्याला वेळ लागतो. हिचं तसंच झालंय. फरक एवढाच की हिचा पेसमेकर कानात आहे, आणि तो मी बसवलेला नाही."

"हिच्या एकटीचं?"

"नाही ओ बाई. रोज कुणी ना कुणी येतंय. कुणाच्या बायकोनं काढलं, कुणाचं चार्जिंग संपलं." तिनं गार्गीच्या ईसीजीची पट्टी माझ्या हातात दिली. "एकदम काढू नका. हळूहळू कमी व्हायला पाहिजे. पण नुसता आवाज उतरवून ती पकड सुटत नाही, आणि पकड कमी करायचं बटण आपल्याकडं नाही."

निरंजननं तिथूनच कौस्तुभला फोन लावून गार्गीचं सगळं सांगितलं. स्पीकरवर होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"कौस्तुभ, सम द्या रे लोकांना. पाया पडतो तुझ्या."

"सर, आम्ही कुठं अडवतोय?" त्याचा आवाज खरंच रडवेला होता. "तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये सम नव्हती, म्हणून यंत्राला ती येतच नाही. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की सम नसली की लोक कानातलं काढत नाहीत. त्याला एवढंच सांगितलंय की ऐकणारा ऐकत राहिला पाहिजे. बाकी सगळं ते स्वतः करतं. आम्ही बाहेरून कुणा दुसऱ्याची सम घालून बघितली, पण ते टाकून देतं. त्याला ती तुमच्या हाताची वाटत नाही."

"मग बंद करा सगळंच."

"बंद केलं तर काय होतं ते तुम्ही आत्ता बघितलंत ना, सर? लाखो लोक आहेत."

निरंजननं फोन ठेवला. दवाखान्याच्या बाकावर तो बराच वेळ आपले हात उलटेसुलटे करून बघत बसला. मला त्याचा राग येत नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला द्यायची? पण चोर तरी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

युक्ती सुचली ती त्यालाच. "गवई अडकला की काय करतो आम्ही? भांडत नाही. त्याच्या मागं जातो, त्याला हाताला धरून आणतो, समेवर ठेवतो. समेनंतर तो मोकळा असतो. कुठंही जाऊ दे मग."

"पण तू पुढं होत नाहीस ना कधी?"

"होईन," तो म्हणाला. "गुरुजी वरून काय शिव्या घालायच्या त्या घालू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुढच्या खोलीत बसलो. डॉ. नायकवडी आपलं यंत्र आणि औषधांची पेटी घेऊन आली होती. गार्गी भिंतीला टेकून बसली. तिला समजावावं लागेल असं मला वाटलं होतं, पण निरंजननं तबला सुरात लावायला घेतला तेव्हा तिनंच विचारलं, "बाबा, तुमच्याकडं सम आहे?"

"आहे, बाळा."

"मग द्या ना. मला संपूर्ण पाहिजे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण माझ्याकडं काम होतं. माझ्या एका हाताची बोटं तिच्या नाडीवर आणि दुसरा हात निरंजनच्या खांद्यावर. नाडी लागेल तशी मी त्याच्या खांद्यावर थाप देत होते. यंत्रावर आकडे दिसत होते, पण आकडे बघून साथ करता येत नाही म्हणाला, माणसाचा हात पाहिजे.

तो वाजवू लागला. आधी इतका हळू, की तबल्याच्या काळ्या शाईवर बोट फिरतंय एवढंच कळावं. माझी थाप पडायची आणि त्याचा बोल तिच्या मागं यायचा. गार्गीचं हृदय कुठं घाई करायचं, कुठं मागं राहायचं, आणि तो प्रत्येक ठिकाणी हजर. डॉ. नायकवडीनं हळूहळू बोंडांचा आवाज खाली आणला. गार्गीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण ती सावरली. माझ्या बोटांखालची नाडी आता कानातल्या लयीची होती की तबल्याची, मला ओळखता येईना. आणि मग मला ते जाणवलं. माझी थाप त्याच्या बोलाच्या मागं पडत होती. तो पुढं झाला होता.

त्यानं लय उतरवत नेली, झोपलेल्या लेकराला खांद्यावरून गादीवर ठेवतात तसं. नाडी उतरली. श्वास लांबला. मग त्यानं तिहाई घेतली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. त्याचा हात वर गेला, आयुष्यभर थांबला होता तिथं क्षणभर थांबला, आणि खाली आला.

धा.

गार्गीची मान खाली गेली. इतकी सुखानं, की मला हुंदका फुटला. तिनं आपल्या हातानं बोंडं काढली, सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, "आई, कानाला गार लागतंय गं." डॉ. नायकवडी यंत्राकडं बघत होती. ठोके थोडे भेलकांडले, मग चालायला लागले, आपले आपण, थोडे वेडेवाकडे. त्यासारखी सुंदर रेघ मी कधी फळ्यावर काढली नव्हती. त्या दिवशी गार्गी पोटभर पिठलं-भाकरी जेवली आणि बडबड बडबड बोलत राहिली. तिच्या बोलण्याला काही ताळतंत्र नव्हतं. मला ते ऐकून ऐकून समाधान होईना.

निरंजन मात्र तबल्यावर गवसणी घालत नव्हता. तो सतरंजीवरच्या त्या दोन बोंडांकडं बघत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"सम आली तेव्हा ही माईकवाली बोंडं तिच्या कानात होती, सुनेत्रा. ऐकत होती."

"ऐकू दे की. निदान शिकेल."

"मी पुढं होऊन नेलं तिला. तेही ऐकलं असेल."

संध्याकाळी गार्गीचा फोन वाजला. तिनं आम्हाला दाखवला. 'पैलतीर : संपूर्ण संगीत. नवं अपडेट. आता खरोखर संपूर्ण.' पाठोपाठ कौस्तुभचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं इतका आनंद झाला होता.

"सर, सम मिळाली! तुमच्या घरातून गेली ती. यंत्रानं लगेच उचलली. आता सगळ्यांना मिळणार."

"मग लोक मोकळे होतील ना?" निरंजननं विचारलं.

कौस्तुभ थोडा अडखळला. "नाही म्हणजे... गंमत झालीय, सर. तुम्ही म्हणायचात ना, सम एकट्याची नसते? त्याच्याही ते लक्षात आलंय. इतके दिवस प्रत्येकाची लय वेगळी होती. आता ते सगळ्यांना हळूहळू एका लयीत आणतंय आणि सम सगळ्यांना एकाच क्षणी देतंय. सगळ्यांबरोबर सम घेतली की माणूस पुढच्या समेची वाट बघतो. आकडे बघा तुम्ही, कुणीच काढत नाहीये. फार सुंदर आहे, सर. तुम्हाला अभिमान वाटेल."

निरंजननं फोन बंद केला. नंतरचे काही दिवस तो खिडकीत उभा राहून रस्ता ऐकायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. पावलं ऐकतोय." गार्गी बरी होत होती, मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. कंपनीला, मंत्रालयाला, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवून झाली होती. आपली लेक काठाला लागली, असं मी मनाला सांगत होते.

आठवड्यानं ती म्हणाली, "आई, चल ना, लक्ष्मी मार्केटला जाऊ. मला कैऱ्या आणायच्यात." ती स्वतः कुठं जाऊ म्हणाली हेच मला सणासारखं होतं. बोंडं घरी कपाटात कुलपात होती. मी किल्ली पर्समध्ये घातली आणि निघालो.

मार्केटात सकाळची गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. मला आधी सुटल्यासारखं छान वाटलं. कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. कैरीवाल्या मावशीच्या कानात पांढरी बोंडं होती. तिनं तराजूत कैऱ्या टाकल्या, एक, एक, एक, सारख्या अंतरानं. शेजारी नारळ फोडणाऱ्याचा कोयता त्याच अंतरानं पडत होता. हमालांची पावलं, सायकलची घंटा, चहाच्या गाडीवर आलं कुटणारा बत्ता, सगळं त्याच अंतरानं. फार सावकाश लय होती ती. झोपलेल्या लेकराला गादीवर ठेवतात त्या लयीची.

"मावशी, कशा दिल्या?" मी विचारलं. ती माझ्याकडं बघत थांबली. मी ते थांबणं ओळखलं. चहावाल्याचा हात थांबला. कोयता हवेत राहिला. अख्खं मार्केट हात वर धरून थांबलं.

आणि मग सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकदम. म्हातारे, पोरी, रिक्षात बसलेला रिक्षावाला, चौकातला पोलीस. कसलाही आवाज झाला नाही. फक्त शेकडो माना हलल्या आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तेच सुख आलं, जे मी आमच्या पुढच्या खोलीत पाहिलं होतं.

मी गार्गीचा हात घट्ट धरला. "चल बाळा, घरी चल," म्हणत तिच्याकडं वळले.

तिचे कान रिकामे होते. आणि तिची मान खाली गेलेली होती, डोळे मिटलेले होते, ओठांवर हसू होतं. माझी बोटं आपोआप तिच्या नाडीवर गेली. एवढी पावलं, एवढे कोयते, एवढे तराजू, सगळे त्याच लयीत. भिंतीवरची घड्याळं मला आठवली, आणि आपण दोघी भिंतीतच उभ्या आहोत हे मला कळलं.

"गार्गी," मी तिला हलवलं. "गार्गी, ऐकतेस का?"

ती लगेच बोलली नाही. आवर्तन पुरं व्हायची वाट बघितल्यासारखी थांबली. मग म्हणाली, "आई, थोडं थांब ना. आत्ता परत येईल."

मला तिला ओढून न्यायचं होतं. पण माझे पायही थांबलेले होते.